थंड मुलखात द्राक्षबाग लावायची तर जागा कशी बघावी

नाशिक-निफाडच्या बागायतदाराला थंडी काय करते ते सांगावं लागत नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ४-५ अंशांवर उतरला की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. पहाटे बागेत शेकोट्या पेटतात, ठिबक सुरू होतं, आणि तरीही मणी तडकायचे ते तडकतातच. पण त्या थंडीत जातो तो माल. वेल जागेवर असते. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्स भागात किंवा मिनेसोटात पारा उणे २५ च्या खाली जातो तेव्हा वेलीवर घड नसतोच. तिथे मरतो तो पुढच्या हंगामाचा डोळा (काडीवरची कळी, जिच्यातून कोंब फुटतो), आणि वर्ष फारच वाईट असेल तर ओलांडा (तारेवर आडवा नेलेला खोडाचा फाटा) आणि खोडसुद्धा.

हा लेख अशा थंड मुलखात पाच-दहा एकर घेऊन वाइनची द्राक्षं लावायचा विचार करणाऱ्यांसाठी आहे. इकडे स्थायिक झालेल्या मराठी लोकांत नाशिक-तासगावकडचेही आहेत, आणि गावाकडे बाग असलेल्या माणसाला इथे उतारावरची रिकामी जमीन दिसली की हात शिवशिवतात. उदाहरणं बहुतेक फिंगर लेक्सची घेतली आहेत, कारण थंडी, तळी, उतार आणि माती या सगळ्यांचा खेळ तिथे एका नजरेत दिसतो. जमीन बघणारे बहुतेक जण आधी भाव विचारतात, मग तळ्याचा देखावा बघतात, मग माती हातात घेतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. पहिला प्रश्न एकच: गेल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या सर्वांत वाईट रात्री या जागेवर पारा किती खाली गेला होता?

१. आधी वाण, मग जमीन

कोणतं द्राक्ष लावायचं याचा अंदाज असल्याशिवाय जमीन बघण्यात अर्थ नाही. एकाच शेतावर एक जात मरते आणि दुसरी आरामात जगते.

रिस्लिंग, शार्डोने, कॅबर्ने फ्रँक ही युरोपीय कुळातली द्राक्षं. आपल्याकडची थॉमसन, सोनाका, शरद याच कुळातली. यांतल्या काटक जातींचे डोळे ऐन हिवाळ्यात साधारण उणे २० ते २३ अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतात. मर्लोसारखी नाजूक जात त्याआधीच मार खाते. व्हिडाल, केयुगा व्हाइट हे संकर आणखी दोन-तीन अंश सोसतात. रस आणि जेलीसाठी लागणारं काँकर्ड त्याहूनही चिवट. आणि अगदी उत्तरेकडच्या लोकांसाठी मिनेसोटा विद्यापीठाने अमेरिकेतल्या रानद्राक्षाचं रक्त घालून तयार केलेले वाण आहेत: फ्राँटेनॅक (१९९६), ला क्रेसेंट (२००२), मार्केट (२००६), इटास्का (२०१७). हे उणे ३० आणि त्याखालीही टिकतात. ३० जानेवारी २०१९ ला मिनिआपोलिसचा पारा उणे ३३ अंशांवर गेला होता. तिथे रिस्लिंगचा विचार करणं म्हणजे पैसे जाळणं.

हे आकडे मात्र वेल पूर्ण कणखर झालेली असतानाचे, म्हणजे डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीचे आहेत. हीच रिस्लिंग नोव्हेंबरच्या सुरुवातीला उणे १५ मध्येही मार खाऊ शकते. वेल थंडीला टप्प्याटप्प्याने तयार होते. दिवस लहान होतात, काडी हिरव्याची तपकिरी होते, पेशींतलं पाणी कमी होतं, साखर साठते, आणि थंडी वाढेल तसा डोळा कणखर होत जातो. आपल्याकडे खरड छाटणीनंतर (माल निघाल्यावरची उन्हाळी छाटणी) काडीच्या पक्वतेची जी काळजी घेतात ती घडासाठी; इथे तीच पक्वता जगण्यासाठी लागते. डाऊनी रोगाने पानं लवकर गळाली, माल जास्त धरला किंवा नत्र जास्त झालं, तर काडी कच्ची राहते आणि वेल तिच्या वाणाच्या आकड्यापेक्षा आधीच मरते.

हिवाळ्यातही हा कणखरपणा स्थिर नसतो. मध्येच आठवडाभर ऊब आली की तो उतरतो. कॅनडाच्या ओकानागन खोऱ्यात डिसेंबर २०२३ बराच उबदार गेला, जानेवारी २०२४ च्या मध्यावर ध्रुवीय हवा घुसली, पारा उणे २० च्या बराच खाली गेला, आणि २०२४ चा हंगाम जवळजवळ सगळा बुडाला. तिथे खोल तळं आहे, उतार आहेत, अनुभवी लोक आहेत. तरी बुडाला. म्हणून दोन-तीन अंशांची शिल्लक हाताशी ठेवूनच वाण निवडावा. जागेचा सर्वांत वाईट आकडा उणे २२ असेल आणि तुमचा वाण उणे २३ चा असेल, तर त्या एका अंशावर संसार उभा करू नये.

२. आकडे गोळा करा, पण नकाशावर विसंबू नका

अमेरिकेच्या कृषी खात्याचा झोनचा नकाशा सगळ्यांना माहीत असतो. २०२३ च्या आवृत्तीत १९९१ ते २०२० या तीस वर्षांची माहिती आहे. झोन ६अ म्हणजे उणे २३.३ ते उणे २०.६ अंश. लोक हा आकडा वाचून खूश होतात: आमचा झोन ६अ, म्हणजे उणे २३ च्या खाली जात नाही. तसं नाही. ही दर हिवाळ्यातल्या नीचांकांची *सरासरी* आहे. साधारण निम्मे हिवाळे त्या सरासरीपेक्षा थंड असतात. गुलाबाच्या झाडाला हा नकाशा पुरतो. पंचवीस-तीस वर्षं उभी राहायची बाग त्यावर लावता येत नाही.

त्याऐवजी असं करा. जवळच्या दोन-तीन हवामान केंद्रांची निदान पंचवीस वर्षांची रोजची नोंद काढा. न्यूयॉर्कमध्ये कॉर्नेल विद्यापीठाचं नेवा नावाचं जाळं आहे, त्यात बागांतलीच बरीच केंद्रं आहेत. प्रत्येक हिवाळ्याचा नीचांक एका ओळीत लिहा. आता तुमच्या वाणाच्या मारक तापमानापर्यंत किती हिवाळे गेले ते मोजा. दहांत एखादा असेल तर धंदा होऊ शकतो. दहांत दोन असतील तर हिशेब अतिशय काळजीने करा. तीन किंवा जास्त असतील तर वाण बदला किंवा जागा बदला. तिसरा मार्ग नाही. हा माझा ठोकताळा आहे, पण वेलीला पुन्हा खोड धरून मालावर यायला किती वर्षं जातात हे ज्याला माहीत आहे त्याला तो पटेल.

नीचांकानंतर हंगामाची लांबी. वसंतातल्या शेवटच्या फ्रॉस्टपासून (पारा शून्याखाली जाऊन दव गोठतं ती रात्र) शरदातल्या पहिल्या फ्रॉस्टपर्यंतचे दिवस मोजा. १५० च्या खाली असतील तर लवकर पिकणारे संकर सोडून काही लावू नये. रिस्लिंगसारख्या उशिरा पिकणाऱ्या जातीला १७०-१८० दिवस हवेत.

मग उष्णतेचा हिशेब. एक एप्रिल ते ३१ ऑक्टोबरपर्यंत दर दिवसाच्या कमाल-किमान तापमानाची सरासरी काढायची, त्यातून १० वजा करायचे आणि उरलेलं जमा करत जायचं. कमाल २६, किमान १२ असेल तर सरासरी १९, त्या दिवसाचे ९. सरासरी १० च्या खाली असेल त्या दिवसाचं शून्य. कॅलिफोर्नियात अमेरिन आणि विंकलर यांनी १९४४ मध्ये याच बेरजेवर द्राक्षांचे प्रदेश पाडले, आणि त्यांचा सर्वांत थंड गट फॅरनहाइटच्या हिशेबाने २५०० पर्यंत, म्हणजे सेल्सिअसमध्ये सुमारे १३९० पर्यंत जातो. फिंगर लेक्स साधारण याच सीमेवर आहे. बेरीज कमी पडली तर वेल मरत नाही, पण द्राक्षातलं आम्ल उतरत नाही. फ्राँटेनॅक या बाबतीत फार हट्टी आहे; साखर भरपूर चढते आणि आम्ल जागेवरून हलत नाही. उन्हाळा तोकडा असेल तर इटास्का बरी, तिच्यात आम्ल मुळातच कमी.

३. थंड हवा कुठे साचते ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. वरचे सगळे आकडे केंद्राचे आहेत, तुमच्या शेताचे नाहीत, आणि एकाच शेताच्या दोन टोकांत चार-पाच अंशांचा फरक पडू शकतो.

निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते. जमिनीलगतची हवा थंड होते, जड होते आणि उतारावरून पाण्यासारखी खाली वाहू लागते. खोलगट भागात साचते, अडथळा आला की त्यामागे तुंबते. वरच्या बाजूला मात्र तुलनेने ऊबदार हवेचा थर राहतो. त्यामुळे पायथ्याला उणे २४ असताना उताराच्या मधल्या पट्ट्यात उणे २० असू शकतं. एकाच बागेतल्या खालच्या ओळी मेलेल्या आणि वरच्या जिवंत, हे दृश्य इथे नवीन नाही. टेकडीचा अगदी माथाही टाळावा: वारा जास्त आणि उंचीमुळे थंडीही जास्त. मधला पट्टा धरावा.

आता हे तुमच्या जागेवर कसं ओळखायचं?

आधी समपातळी रेषांचा नकाशा घ्या आणि त्यावर बोट ठेवून विचार करा की पाणी ओतलं तर कुठून कुठे जाईल, कुठे थांबेल. मग तिथे जाऊन अडथळे बघा. शेताच्या खालच्या कडेला दाट झाडांची रांग असेल, रस्त्याचा भराव असेल, अगदी दाट कुंपण असेल, तरी थंड हवा तिथे अडते आणि मागे चढत जाते. झाडं तुमच्या हद्दीत असतील तर मध्ये वाट पाडून हवेला रस्ता देता येतो. शेजाऱ्याच्या हद्दीत असतील तर देता येत नाही, आणि हे खरेदीआधी कळलेलं बरं. वरच्या बाजूला मोठं मोकळं माळरान असेल तर तिथली थंड हवाही तुमच्याच शेतातून खाली जाणार. तिथे झाडांची रांग फायद्याची ठरते, ती हवा बाजूला वळवते.

मग ऑक्टोबरमध्ये किंवा एप्रिल-मेमध्ये, निरभ्र आणि शांत रात्र बघून पहाटे जा. सूर्य उगवायच्या अर्धा तास आधी पोचा. गवतावर पांढरा थर कुठपर्यंत आहे, धुकं कोणत्या रेषेपर्यंत चढलं आहे, हे डोळ्यांना दिसतं. हातात थर्मामीटर घेऊन पायथ्यापासून माथ्यापर्यंत चाला आणि दर शंभर पावलांवर आकडा लिहा. अशी एक पहाट दलालाच्या दहा माहितीपत्रकांपेक्षा जास्त सांगते.

एवढ्यावर थांबू नका. तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं आता फार महाग नाहीत. पायथा, मध्य, माथा अशा निदान तीन ठिकाणी खांब रोवून जमिनीपासून साधारण पाच फुटांवर, पांढऱ्या हवेशीर आवरणात ती बसवा. आवरण नसेल तर दिवसा ऊन आणि रात्री उघडं आकाश, दोन्ही आकडे बिघडवतात. एक पूर्ण हिवाळा आणि त्यानंतरचा वसंत नोंदू द्या. मग तुमचे आकडे जवळच्या केंद्राच्या त्याच रात्रींच्या आकड्यांशी ताडून बघा. तुमचा मधला पट्टा केंद्रापेक्षा शांत रात्री सरासरी दोन अंश ऊबदार निघाला, तर पायरी दोनमधल्या तीस वर्षांच्या यादीत दोन अंशांची भर घालून वाचता येते. यासाठी खरेदीआधी मालकाची परवानगी लागते. प्रामाणिक विकणारा सहसा नाही म्हणत नाही.

या हिशेबाला एक मर्यादा आहे. उताराचा फायदा शांत रात्रीच मिळतो. ध्रुवीय हवा वाऱ्यासकट येते तेव्हा सगळी हवा ढवळलेली असते, मधला पट्टा वगैरे काही उरत नाही. तेव्हा दोन अंशांची भर फक्त शांत रात्रींना लावायची, वादळी थंडीला नाही. बागेतले मोठे पंखेही याच कारणाने फक्त शांत रात्री कामाचे: वरची ऊबदार हवा खाली ढकलून ते एक-दोन अंश वाढवतात, एक पंखा साधारण दहा एकरांना पुरतो. वर ऊबदार थरच नसेल तर पंखा नुसता आवाज करतो.

शेजारच्या वेलीला विचारा

जवळपास बाग असेल तर तिथे फुकटात मिळणारा पुरावा असतो, आणि तो फार कमी लोक बघतात. गोडी छाटणीआधी (घडासाठीची छाटणी) काडीचे डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घड आहे की नाही बघायची पद्धत आपल्याकडे रुळलेली आहे. इथे फेब्रुवारी-मार्चमध्ये डोळा जिवंत आहे की मेला ते बघतात.

मालकाला विचारून उताराच्या खालच्या आणि वरच्या ओळींतून वेगवेगळ्या काड्या घ्या. शंभर डोळे होतील एवढ्या. घरात एक-दोन दिवस ठेवा, म्हणजे मेलेला भाग तपकिरी पडतो. मग धारदार ब्लेडने डोळ्याचे आडवे पातळ काप काढत जा. कापात मध्यभागी मुख्य कोंब दिसतो, बाजूला दुय्यम आणि त्याहून लहान तिसरा. हिरवा असेल तर जिवंत, तपकिरी-काळा असेल तर मेलेला. बहुतेक वेळा मुख्य काळा आणि दुय्यम हिरवा सापडतो, कारण मुख्य कोंबच जास्त नाजूक. युरोपीय जातीत दुय्यमावर फारसा माल येत नाही. बऱ्याच संकरांत बऱ्यापैकी येतो. खालच्या ओळींत शंभरांतले साठ मेलेले आणि वरच्या ओळींत वीस, असा फरक मिळाला की त्या खोऱ्यात थंड हवा कशी वाहते याचा पुरावा तुमच्या हातात आला. खोडाला उभ्या चिरा किंवा बुंध्याशी खडबडीत गाठी दिसल्या, तर तिथे खोडापर्यंत थंडी पोचून गेली आहे.

४. पाणी जवळ असेल तर किती जवळ, आणि किती खोल

फिंगर लेक्समधलं सेनेका तळं सुमारे ६१ किलोमीटर लांब आणि १८८ मीटर खोल आहे. एवढं पाणी उन्हाळ्यात तापतं आणि हिवाळाभर ती ऊब सोडत राहतं. तळं क्वचितच गोठतं. काठावरच्या उतारांना याचे तीन फायदे मिळतात. हिवाळ्यातला नीचांक वर राहतो. वसंतात गार पाण्यामुळे डोळे उशिरा फुटतात आणि उशिराच्या फ्रॉस्टमधून सुटतात. शरदात पहिली फ्रॉस्ट लांबते. सेनेकाच्या आग्नेय काठाचा पट्टा इतका ऊबदार की लोक त्याला गमतीने केळ्यांचा पट्टा म्हणतात. केळी अर्थातच येत नाहीत.

युक्रेनहून आलेल्या डॉ. कॉन्स्टंटिन फ्रँक यांनी तिथल्याच केयुका तळ्याच्या काठी १९६२ मध्ये आपली वायनरी काढली. युरोपीय द्राक्षं या थंडीत टिकणार नाहीत असा तेव्हाचा सर्वसाधारण समज होता. त्यांचं म्हणणं साधं होतं: युक्रेनची थंडी याहून कडक, तिथे टिकतात, मग योग्य खुंटावर (ज्याच्या मुळावर कलम बांधतात ते झाड) आणि योग्य जागी इथेही टिकतील. आज फिंगर लेक्सची ओळखच रिस्लिंग आहे.

पण विकणारा ‘तळ्याजवळ’ म्हणाला की प्रश्न विचारायचे. तळ्यापासून किती अंतर? फायदा पहिल्या मैलभरात जाणवतो, उंची आणि अंतर वाढेल तसा विरतो. मध्ये टेकडीचा उंचवटा आहे का? असेल तर तुम्ही नावापुरते तळ्याजवळ. तळं गोठतं का? एरी तळं मोठं आहे पण उथळ, बऱ्याच हिवाळ्यांत गोठतं, आणि बर्फाचा थर आला की ऊब सोडणं थांबतं. वसंतात मात्र तोच बर्फ डोळे फुटायला उशीर लावून उपकार करतो. एकरभराचं शेततळं यातलं काहीच करत नाही. ते फवारणीच्या पाण्याला ठीक.

५. उताराची दिशा आणि चढ

उत्तर गोलार्धात दक्षिण उतार सर्वांत चांगला, असं डोळे झाकून सांगितलं जातं. खरं म्हणजे दर उताराचं देणंघेणं आहे. दक्षिणेला ऊन जास्त, द्राक्ष लवकर पिकतं. पण वसंतात डोळेही आधी फुटतात. १८ मे २०२३ च्या पहाटे न्यूयॉर्क आणि व्हरमाँटच्या बागांवर फ्रॉस्ट पडली तेव्हा कोंब बाहेर आलेले होते, आणि कोवळा कोंब उणे २ अंशांच्या आसपास जळतो. मार्केट मुळातच लवकर फुटते, तिला दक्षिण उतारावर लावणं म्हणजे धोका दुप्पट करणं. शिवाय दक्षिण-नैर्ऋत्य बाजूला हिवाळ्यातल्या दुपारी खोड तापतं, सूर्य मावळताच गोठतं आणि तडकतं. तिथला बर्फही आधी वितळतो, मुळांवरचं पांघरूण जातं.

पूर्व उतार मला जास्त आवडतो. सकाळचं ऊन लवकर पोचतं, पानांवरचं दव वाळतं, डाऊनी आणि काळ्या कुजीचा त्रास कमी होतो. दमट उन्हाळ्याच्या मुलखात हा फायदा मोठा आहे. उत्तर उतार सहसा टाळावा, पण उष्णता पुरेशी असून वसंतातली फ्रॉस्टच मुख्य शत्रू असेल तर तोही विचारात घेता येतो.

चढ किती? शंभर फुटांत पाच ते दहा फूट. त्याहून कमी असेल तर हवा नीट वाहत नाही. पंधराच्या पुढे ट्रॅक्टर उलटायची भीती आणि माती वाहून जाण्याची खात्री. युरोपीय जात लावणार असाल तर थंडीपासून वाचवायला दर शरदात कलमाचा सांधा मातीने झाकायचा आणि वसंतात उघडा करायचा, हे काम आलंच. तीव्र किंवा दगडगोट्यांच्या उतारावर ते करून बघा, मग त्या जमिनीचा स्वस्त भाव का आहे ते कळतं.

६. माती: कस कमी चालेल, निचरा हवाच

द्राक्षाला सुपीक जमीन लागत नाही. फार कसदार जमिनीत वेल सप्टेंबरपर्यंत वाढतच राहते, काडी पिकत नाही, आणि मग पायरी एकमधला कणखरपणा येतच नाही. मक्याचं विक्रमी पीक देणारी काळीभोर सपाट जमीन इथे मक्यालाच ठेवावी.

पाणी तुंबणं मात्र वेलीला मारतं. ओल्या जमिनीत मुळं वरच्या वर राहतात, आणि वेल उशिरापर्यंत हिरवी राहते. कृषी खात्याचा मातीचा ऑनलाइन नकाशा मोफत आहे. त्यावर शेताची हद्द आखली की मातीचे प्रकार, निचऱ्याचा दर्जा, खोली सगळं मिळतं. फिंगर लेक्समध्ये होनिऑय मातीचं नाव आलं तर पुढे जा. व्होलुसिया दिसली तर थांबा, तिच्यात फूट-दीड फुटावर दगडासारखा घट्ट थर असतो आणि पाणी त्यावर अडून बसतं.

नकाशावर न थांबता खड्डे घ्या. जेसीबी बोलवा आणि शेताच्या निरनिराळ्या भागांत चार-साडेचार फूट खोल खणा. खड्ड्यात उतरून भिंत बघा. सलग तपकिरी रंग चांगला. राखाडी आणि गंजासारखे डाग दिसले तर त्या खोलीपर्यंत वर्षातले काही महिने पाणी उभं राहतं, मग तुम्ही पाहायला गेलात तेव्हा खड्डा कितीही कोरडा असो. डाग अडीच-तीन फुटांखाली असतील तर चालतं. त्यावर असतील तर जमिनीखालून निचऱ्याचे पाइप टाकावे लागतील. तो खर्च जमिनीच्या किमतीत धरूनच बोलणी करा, कारण वेली लागल्यावर ओळींमधून पाइप टाकणं हा नसता उद्योग होतो.

माती परीक्षणासाठी वरच्या आठ इंचांचा आणि त्याखालच्या आठ इंचांचा नमुना वेगळा पाठवा. युरोपीय जातींना सामू (पीएच) साडेसहाच्या आसपास, संकरांना सहा. फिंगर लेक्सच्या दक्षिण टोकाकडे शेल या खडकाच्या आम्लधर्मी जमिनी आहेत, तिथे एकरी कित्येक टन चुना लागू शकतो, आणि तो लागवडीआधीच खोल मिसळावा लागतो. नाशिक-सांगलीच्या चुनखडीशी झगडलेल्या माणसाला चुना विकत घेऊन घालताना गंमत वाटेल. त्याच वेळी सूत्रकृमींची तपासणी करून घ्या. जुनी फळबाग किंवा द्राक्षबाग काढलेली जागा असेल तर ही तपासणी टाळूच नका, कारण काही सूत्रकृमी विषाणू पसरवतात.

७. शेजार

मक्या-सोयाबीनच्या मुलखात सर्वांत मोठा धोका शेजारच्या तणनाशकाचा आहे. टू-फोर-डी आणि डायकॅम्बा यांना द्राक्षवेल कमालीची संवेदनशील आहे. गरम दिवशी वाफ उडून लांबवर जाते आणि पानं पंख्यासारखी आखडतात. खरेदीआधी भोवतालच्या शेतांत काय पिकतं, कोण फवारतं, वारा कुठून येतो ते विचारा. ड्रिफ्टवॉच या नोंदवहीत बाग नोंदवता येते, पण नोंद म्हणजे भिंत नव्हे.

हरणांसाठी आठ फुटी कुंपण लागतंच, तो खर्च धराच. पक्ष्यांसाठी जाळी. कडेच्या झाडांवर रानद्राक्ष चढलेलं असेल तर किडी-रोगांचं माहेरघर शेजारी आहे असं समजा. आणि आता ठिपक्यांचा लँटर्नफ्लाय: २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियात सापडला, तिथून न्यूयॉर्कमध्ये पोचला. त्याचं आवडतं झाड आयलँथस, आपल्याकडच्या महारुखाचं भावंड. जागेवर ते असेल तर काढण्याची तयारी ठेवा.

रस्ता, वीज, फवारणीचं पाणी, बांधकामाचे स्थानिक नियम, वाइन विकायचा परवाना, सप्टेंबरात मजूर मिळतील का: यातलं काहीही द्राक्षाला मारत नाही, पण बागायतदाराला मारतं. काउंटीच्या कृषी विस्तार कार्यालयात एक फेरी मारा. बहुतेक ठिकाणी द्राक्षाचा जाणकार असतो आणि तो जागेवर येऊन बघतोही.

८. वेळापत्रक

घाई असलेल्याने थंड मुलखात बाग लावू नये. वेळापत्रक साधारण असं धरा. पहिल्या उन्हाळ्यात नकाशे, हवामानाच्या नोंदी, शेजाऱ्यांशी गप्पा. ऑक्टोबरमध्ये पहाटेची फेरी आणि तापमानाची यंत्रं. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेजारच्या बागेतले डोळे. बर्फ वितळल्यावर पहिल्या पंधरवड्यात पाणी कुठे उभं राहतं ते बघणं. हा पंधरवडा चुकवू नका, एरवी कोरडं दिसणारं शेत तेव्हाच आपलं खरं रूप दाखवतं. मेमध्ये खड्डे आणि माती परीक्षण. हे सगळं जुळलं तर करार, आणि करारात माती व निचऱ्याच्या तपासणीची अट.

खरेदीनंतरचं पहिलं वर्ष जमिनीचं: पाइप, चुना, बारमाही तणांचा बंदोबस्त, हिरवळीचं पीक. रोपं त्याच वर्षी, लागवडीच्या निदान वर्षभर आधी मागवा. कलमी रोपं नर्सरीत मागणीनुसार तयार होतात. उशीर केलात तर शिल्लक राहिलेला वाण आणि शिल्लक राहिलेला खुंट पदरात पडतो. मागणी देताना वाण, खुंट आणि विषाणूमुक्तीचं प्रमाणपत्र या तिन्ही गोष्टी लेखी घ्या, आणि शेतातला सर्वांत खालचा पट्टा लागवडीतून वगळूनच रोपांची संख्या काढा. तिथे शेड बांधा, गाड्या लावा, मका पेरा.